वाऱ्यावाचून हललेली कात

एका डोंगराच्या उतारावर ऐन आणि पळसाचं दाट रान होतं. त्या रानात एक साळुंकी राहत असे आणि तिला साप ओळखता येत असत. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, आम्हालाही येतात. फणा काढला की नाग आणि लांबलचक असली की धामण. मुलांनो, एवढ्यावर भागलं असतं तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

साळुंकीचं ओळखणं असं वरवरचं नव्हतं. एकदा पायवाटेवर काळपट अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप आडवा आला. मागून येणारा ससा जागच्या जागी थिजला. साळुंकीने वरून एक घिरटी घातली आणि म्हणाली, "पट्टे मानेपासूनच सुरू झालेत आणि शेपटीकडे पुसट होत गेलेत. कवड्या आहे तो, बिनविषारी. मण्यारीचं उलटं असतं, तिचे पट्टे शेपटीकडे ठळक होतात. चला पुढे." ससा डोळे मिटून एका उडीत पलीकडे गेला. कवड्याच होता तो. त्या दिवसापासून रानातल्या साऱ्यांना वाटू लागलं, की साळुंकी सोबत असली म्हणजे वाटेवर भिण्याचं कारण नाही. आणि साळुंकीलाही तसंच वाटू लागलं, हे काही वेगळं सांगायला नको.

हे ज्ञान तिला आलं कुठून? तर कातेवरून. त्या रानातल्या साळुंक्यांची एक रीत होती. अंडी घालण्याआधी प्रत्येकीने घरट्याच्या ढोलीत सापाची टाकलेली कात आणून लावायची. ढोलीच्या तोंडाशी कात लोंबत असली, की खारीला आत साप असल्यासारखं वाटतं आणि ती अंड्यांच्या वाटेला जात नाही. कात जितकी मोठी आणि अखंड, तितकं घर सुरक्षित. फाटकी कात लावणारीला शेजारणी नावं ठेवत. आपली साळुंकी लहानपणापासून कातींमध्येच वाढली. कातेवरच्या खवल्यांचे आकार, त्यांच्या रांगा, खवल्यांवर उठलेले कणे तिला पाठ होते. फक्त एक गोष्ट होती. कातेला रंग नसतो, आवाज नसतो आणि कात श्वास घेत नाही. साळुंकीला माहीत असलेले निम्मे साप असे होते, साप निघून गेल्यावर मागे राहिलेले.

अखंड कात एकट्या साळुंकीला काढता येत नसे. चोचीने ओढली की ती टराटरा फाटते. म्हणून तिने सशाशी सोबत जोडली होती. ससा जाळीत शिरायचा, कातेचं टोक ओठांत हलकेच धरायचा आणि उलट्या पावलांनी तिला सबंध बाहेर आणायचा. त्या बदल्यात पाण्यावर जाताना साळुंकी त्याच्या डोक्यावरून उडत वाट पाहून द्यायची. तीन उन्हाळे त्यांचं हे असंच चाललं होतं. ससा तिला साळूताई म्हणायचा. तो जरा भोळाच होता, पण मनाने फार चांगला होता, आणि मला तो आवडतो, म्हणून पुढचं सांगायला मला थोडं जड जाणार आहे.

त्या वर्षी वैशाखात रानातले सगळे झरे आटले. पाणी उरलं फक्त खालच्या डोहात. रोज ऊन कलू लागलं की जनावरं पायवाटेने डोहाकडे निघत. त्या दिवशी ससा आणि साळुंकी निघाली तेव्हा वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. साळुंकीचं मन मात्र वाटेवर नव्हतं. दोन दिवसांत अंडी घालायची होती आणि ढोलीत अजून कात नव्हती. मागच्या वर्षी तिची कात तोकडी पडली होती आणि खारीने चारही अंडी नेली होती. ते दुःख तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण ती विसरलीही नव्हती.

अर्ध्या उतारावर घाणेरीची एक मोठी जाळी होती. तिथे आल्यावर साळुंकी एकदम थबकली आणि वरच्या ऐनाच्या फांदीवर बसली.

"ससेभाऊ, थांब. जाळीत बघ. बुंध्याशी, पाचोळ्यात."

ससा मान वाकवून पाहू लागला. आत अंधूक उजेड होता. वाळक्या पानांवर काहीतरी वेटोळं करून पडलं होतं. जाड, मळकट, राखाडी. अंगावर नक्षी आहे की नाही तेही कळू नये इतकं फिकट.

"कात आहे," साळुंकी म्हणाली. तिचा आवाज आनंदाने चिरकला होता. "केवढी जाड बघ! अशी अखंड कात माझ्या आईलाही कधी मिळाली नव्हती. काढ, काढ लवकर."

ससा दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. "साळूताई, हिला डोळे आहेत गं."

"कातेला डोळे असतातच. साप डोळ्यांवरचं कातडंसुद्धा टाकतो. रिकाम्या खोबणी असतात त्या."

"रिकाम्या नाही वाटत. पांढऱ्या आहेत. निळसर पांढऱ्या. दुधात पाणी घातल्यासारख्या."

"सावलीमुळे दिसतं तसं."

ससा अजून हलला नाही. त्याचे कान ताठ झाले होते. "आणि ही मघाशी हलली."

"वारा आहे," साळुंकी म्हणाली.

वाटेकडेच्या काळ्या खडकावर एक म्हातारी घोरपड ऊन खात पसरली होती. इतका वेळ ती आहे हे या दोघांच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिने मान न हलवता विचारलं, "कुठे आहे वारा?"

तेव्हा कुठे सशाने आजूबाजूला पाहिलं. घाणेरीचं एक पान हलत नव्हतं. ऐनाची पानं हलत नव्हती. गवताचे वाळके तुरे उभे होते तसे उभे होते. किरकिर करणारे रातकिडेसुद्धा, जे त्या उतारावर दिवसाही ओरडत असत, गप्प होते. सगळं रान कान देऊन काहीतरी ऐकत असावं असं त्याला वाटलं आणि त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले.

"मावशी, तुम्हाला ओळखता येते का ही?" साळुंकीने जरा घुश्शातच विचारलं.

"नाही बाई," घोरपड म्हणाली. "मला सगळे साप ओळखता येत नाहीत. म्हणून तर एवढी वर्षं जगले. नाही ओळखलं की लांबून जाते."

"मग ज्याला कळतं त्याला बोलू द्यावं." साळुंकी सशाकडे वळली. "ससेभाऊ, तीन वर्षांत मी कधी चुकले का?"

"नाही चुकलीस."

"मग?"

या 'मग'वर तुम्ही काय म्हणाला असता? ज्याचं आजवर कधी चुकलं नाही, त्याला नाही म्हणणं फार अवघड असतं. ससा कान मागे पाडून जाळीत शिरला. घाणेरीच्या काटक्या त्याच्या अंगाला घासल्याचा आवाज आला, मग तो आवाजही थांबला. फांदीवरून साळुंकीला त्याची पाठ दिसत होती आणि पानांमधून त्या वेटोळ्याचा एक तुकडा दिसत होता. सशाने टोक शोधण्यासाठी पुढचा पाय टेकला.

पुढचं इतकं झटपट झालं की साळुंकीला ते दिसलंच नाही. ससा उडी मारून बाहेर आला आणि पुढचा उजवा पाय चाटू लागला.

"काटा लागला," तो म्हणाला. "मेला घाणेरीचा काटा. आत मोडला वाटतं."

साळुंकीने जाळीत पाहिलं. वेटोळं तिथेच होतं. पण मघाशी त्याचं टोक डाव्या बाजूला होतं, आता ते दिसत नव्हतं. तिने हे पाहिलं, मुलांनो. अगदी नीट पाहिलं. आणि स्वतःशी म्हणाली, सशाचा पाय लागून सरकली असेल. तिच्या मनात दुसरं काही आलं होतं की नाही हे मी सांगू शकत नाही. आलं असेल तर तिने ते बोलून दाखवलं नाही.

"राहू दे आज," ती म्हणाली. "आधी पाणी पिऊन येऊ."

दोघं पुन्हा वाटेला लागली. ससा लंगडत होता. वीसेक पावलं गेल्यावर तो बसला, पुन्हा उठला. म्हणाला, "पायात जाळ होतोय गं." साळुंकी वरून उडता उडता सारखी मागे वळून पाहत होती. नेहमी ती पुढचं पाहत असे. आज पुढे वाटेवर नाग फणा काढून बसला असता तरी तिला दिसला नसता. सशाचा पाय सुजून जाड झाला होता आणि त्याने चाटलेल्या जागेतून रक्त थांबता थांबत नव्हतं. ते वाटेवरच्या धुळीत ठिपकत चाललं होतं.

डोह अगदी जवळ आला तेव्हा ससा आडवा झाला. घोरपड मागून सावकाश येत होती. या दोघांच्या मागे ती का निघाली ते तिने सांगितलं नाही. तिने सशाचा पाय हुंगला, जिभेने चाचपला.

"घाणेरीचा काटा ओरबाडतो," ती म्हणाली. "असा खोल जात नाही. आणि ही भोकं दोन आहेत, शेजारी शेजारी."

साळुंकी जमिनीवर उतरली. "मावशी, काहीतरी करा. तुम्हाला पाला माहीत असेल, मुळी माहीत असेल..."

"नाही गं पोरी. याला पाला नाही आणि मुळीही नाही."

सशाने मान वळवली. त्याच्या ओठांना रक्त लागलं होतं. तो हळूच म्हणाला, "साळूताई, ती कातच होती ना?"

साळुंकी एरवी दिवसभर बडबडणारी. एका प्रश्नाला तिच्याकडे चार उत्तरं असायची. आता तिची चोच उघडली आणि तशीच राहिली. ससा तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत होता, उत्तराची वाट पाहत. मग तो पाहत राहिला, पण वाट पाहणारं कुणी त्या डोळ्यांत उरलं नव्हतं. डोह तिथून सात-आठ उड्यांवर होता. त्याला पाणीसुद्धा मिळालं नाही.

घोरपडीने विचारलं, "कोणता साप होता तो?"

"माहीत नाही," साळुंकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने त्या सशाच्या सशिणीला जाऊन सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, सरकलेल्या टोकाचंसुद्धा नाही. सशीण ऐकून घेऊन बिळासारख्या आपल्या खळग्यात मागे सरकली आणि तोंड फिरवून बसली. साळुंकी तिथून उठली ती थेट घाणेरीच्या जाळीवरच्या ऐनावर जाऊन बसली. तिला जाणून घ्यायचं होतं. खाली ते मळकट वेटोळं तसंच होतं. ते हलत नव्हतं, पण आता लक्ष देऊन पाहिल्यावर तिला दिसलं, की त्याची कूस अगदी सावकाश वर येते आणि अगदी सावकाश खाली जाते. कात श्वास घेत होती. दिवसभर साळुंकीने तो श्वास मोजला. तिसऱ्या दिवशी तिला दिसलं, की ते दुधाळ डोळे निवळत चालले आहेत आणि त्यांच्यात मध्ये एक उभी काळी चीर उघडते आहे. ती चीर कुठे पाहते आहे ते कळत नव्हतं. साळुंकीला वाटलं, आपल्याकडेच.

चौथ्या दिवशी सकाळी वेटोळं सुटलं. सापाने आपलं नाकाड दगडावर घासलं, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. ओठांपाशी कातडी फाटली आणि मागे वळू लागली, उशीचा अभ्रा उलटा काढावा तशी. आतून नवं अंग बाहेर आलं. तजेलदार, तपकिरी, आणि त्यावर मानेपासून शेपटीपर्यंत लांबट गडद ठिपक्यांच्या तीन साखळ्या. आता रानातल्या तान्ह्या पिल्लालाही ती ओळखता आली असती.

"घोणस," साळुंकी मोठ्याने म्हणाली.

घोणशीने त्रिकोणी डोकं उचललं. "आज ओळखलंस?" तिचा आवाज खालून, पाचोळ्यातून आल्यासारखा होता.

"तू तर पाखराच्या सावलीलाही भात्यासारखी फुसकारतेस. अर्ध्या रानाला ऐकू जातं. त्या दिवशी का नाही फुसकारलीस? एकदा फुसकारली असतीस तरी..."

"कात यायची असली की अंगावर साय धरते. डोळ्यांवरही धरते. काही दिवस मला दिसत नाही," घोणस म्हणाली. "आंधळीने आवाज केला तर मुंगसाला कळतं ती कुठे आहे. म्हणून मी गप्प होते. मग काहीतरी माझ्या अंगावर टेकलं. ते काय होतं?"

"ससा होता."

"असेल. मला ओळखता आला नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता की खेद नव्हता. राग असता तर साळुंकीला सोसला असता. घोणस गवतात शिरली आणि गवत न हलता तिच्यावर मिटलं. मागे जाळीत तिची कात पडली होती, नाकाडापासून शेपटीपर्यंत अखंड, कुठे एक चीर नाही. साळुंकीने तिला चोचही लावली नाही. त्या उन्हाळ्यात तिच्या ढोलीला कात नव्हती. शेजारणींनी नावं ठेवली. चारातली दोन अंडी खारीने नेली, दोन राहिली.

पुढे पावसाळ्याच्या तोंडावरची एक दुपार. डोहाकडच्या वाटेवर एक लांब, पिवळसर, सडपातळ साप आडवा पसरला होता. साळुंकी त्याच्यावर कर्कश ओरडू लागली. वाटेने सशीण येत होती. आता तिच्या पोटात पिल्लं होती आणि सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. उन्हाने तिच्या कानांच्या शिरा फुगल्या होत्या. ती आठ-दहा पावलांवर थांबली.

"कोणता आहे?" तिने विचारलं. त्या दिवसानंतर ती साळुंकीशी पहिल्यांदाच बोलत होती.

साळुंकी नुसतीच ओरडत राहिली.

"अगं, धामण आहे ही. मलाही कळतंय. विष नसतं तिला. तूच सांगायचीस ना सगळ्यांना? जाऊ दे मला, जीव कासावीस झालाय."

साळुंकी तिच्या आणि सापाच्या मधोमध, वाटेवरच्या धुळीत उतरली. तिने पंख पसरले.

"असेल धामण," ती म्हणाली. "तू मागे हो."

सशिणीने तिच्याकडे पाहिलं. मग ती एक पाऊल मागे सरली, मग दुसरं, आणि सावलीत जाऊन बसली. साळुंकी तिच्याजवळ येऊन बसली. दोघी वाटेकडे पाहत राहिल्या. बऱ्याच वेळाने साप अंग आवरून झुडपात निघून गेला. धामणच होती ती. दोघींचा थोडा वेळ गेला आणि तहान थोडी वाढली, बाकी काही झालं नाही. सशीण डोहावर जाऊन पोटभर पाणी प्याली.

तात्पर्य : साप ओळखायला जरूर शिकावं, पण रानवाटेवर तो दिसला की आधी मागे सरावं आणि नाव मग विचारावं. त्याचं नाव सांगताना आपण चुकलो, तर ती चूक भोगणारा बहुतेक वेळा दुसराच कुणी असतो.